किशोरवयीनांचे डॉक्टर: प्रशिक्षणाचा प्रश्न कुठवर आला आहे?

बहुतेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागाची हद्द बाराव्या वर्षी संपते. त्यानंतर तापाने फणफणलेला मुलगा मेडिसिनच्या वॉर्डात जातो आणि साठीतल्या दोन रुग्णांच्या मधल्या खाटेवर झोपतो. ओटीपोटात दुखणाऱ्या मुलीला स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत गरोदर बायकांच्या रांगेत उभे राहावे लागते. आपल्याला इथे ओळखीचे कुणी पाहिले तर काय, हा घोर तिला दुखण्याहून मोठा असतो. मुरमे त्वचारोगाच्या डॉक्टरकडे, मोडलेला हात हाडांच्या डॉक्टरकडे, हिमोग्लोबिन आरोग्यसेविकेकडे. झोप उडाली आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही, तीन महिने पाळी आलेली नाही, मित्रांच्या आग्रहाने गुटखा सुरू झाला आहे, या गोष्टी मात्र कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयोगटाला किशोरवय म्हणते. 2011 च्या जनगणनेत भारतात या वयाची 25 कोटींहून अधिक मुले-मुली होती, म्हणजे दर पाच माणसांत एक. हे वय सगळ्यांत धडधाकट, त्यांना डॉक्टर हवा कशाला, असा समज आरोग्यव्यवस्थेत दीर्घकाळ होता. आकडे वेगळे सांगतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला आणि याच वयाच्या 31 टक्के मुलग्यांनाही. या वयातल्या आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुलींचे प्रमाण देशात 6.8 टक्के होते, महाराष्ट्रात 7.6 टक्के. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार 13 ते 17 वयातल्या सुमारे सात टक्के मुलांना मानसिक आजार होता. 2022 साली देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता.

या मुलांची काळजी कुणी घ्यायची, आणि घेणाऱ्याला ती कशी शिकवायची? गेली वीस-पंचवीस वर्षे भारतात या प्रश्नावर बरेच काम झाले. अभ्यासक्रम आले, पुस्तिका आल्या, शिबिरे झाली. त्यातून हाती काय लागले आणि काय अजून सुटलेले नाही, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

कुठून सुरुवात झाली

किशोरवयीनांसाठी वेगळा विभाग पहिल्यांदा उभा राहिला तो अमेरिकेत. 1951 साली बॉस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. जे. रॉसवेल गॅलघर यांनी तो सुरू केला. डॉक्टरचा रुग्ण हा समोर बसलेला मुलगा आहे, त्याचे आईवडील नाहीत, हा तिथला मूळ विचार. आज तो साधा वाटतो, पण प्रशिक्षणातले निम्मे वाद अजूनही त्याच्याभोवतीच फिरतात. 1968 मध्ये तिथे या शाखेच्या डॉक्टरांची संघटना झाली आणि 1994 पासून उपशाखेची परीक्षा सुरू झाली.

आपल्याकडची वाट वेगळी होती. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. शरीराविषयी मराठीत उघडपणे बोलण्याची सुरुवात तिथून झाली, पण तो संवाद मुख्यतः प्रौढांशी होता. मुलांपर्यंत तो पोहोचवला स्वयंसेवी संस्थांनी. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांचे ‘तारुण्यभान’ गावोगावच्या मुलामुलींपर्यंत गेले. पाचोडच्या ग्रामीण आरोग्य संस्थेने अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग घेतले आणि त्या गावांत मुलींच्या लग्नाचे वय वाढल्याचे अभ्यासात दिसले. ठाण्यात आयपीएच या संस्थेने शाळा आणि पालकांना मानसिक आरोग्याच्या चर्चेत आणले. महाराष्ट्रात किशोरवयीनांशी बोलण्याची रीत वैद्यकीय महाविद्यालयाबाहेर, शिबिरांत आणि गावातल्या बैठकींत रुजली. डॉक्टर घडवणाऱ्या संस्था तिच्यापासून फार काही शिकल्या असे मात्र दिसत नाही. या आढाव्यातली ही मला सर्वांत खटकलेली गोष्ट आहे.

सरकारी पातळीवर गती आली ती लोकसंख्या व विकासावरच्या 1994 च्या कैरो परिषदेनंतर. प्रजनन आरोग्य कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात, 2005 पासून, किशोरवयीनांच्या प्रजनन व लैंगिक आरोग्याचे धोरण आले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून दवाखान्यांना ‘अर्श क्लिनिक’ म्हणू लागले. महाराष्ट्रात त्यांचे नाव ‘मैत्री’. 7 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि व्याप्ती सहा विषयांपर्यंत वाढली: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा व हिंसा, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार. वैद्यकीय अधिकारी, एएनएम आणि समुपदेशक यांच्यासाठी चार-सहा दिवसांची प्रशिक्षणे ठरली. गावपातळीवर ‘साथिया’ म्हणून समवयस्क मुलामुलींना तयार करण्याचीही योजना होती.

डॉक्टरांच्या संघटनाही हलल्या. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने आपल्या शाखेची वयोमर्यादा अठरापर्यंत असावी अशी भूमिका घेतली आणि किशोरवयासाठी स्वतंत्र शाखा काढली. डॉ. स्वाती भावे 2000 साली या संघटनेच्या अध्यक्ष होत्या आणि या चळवळीतले त्यांचे काम मोठे आहे. केरळमध्ये डॉ. एम. के. सी. नायर यांच्या तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने किशोरवयीन बालरोगशास्त्राची पदविका सुरू केली. शेवटी 2019 च्या तुकडीपासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात बालरोगशास्त्राखाली किशोरवयीन आरोग्य हा वेगळा घटक आला. वयात येण्याच्या टप्प्यांची तपासणी, गोपनीयता, मुलाखतीची पद्धत आणि किशोरवयीन क्लिनिकला भेट, हे सारे त्यात आहे. कागदावर ही मोठी मजल आहे.

शिकवायचे काय

या बाबतीत बऱ्यापैकी एकमत आहे. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी क्षमतांची यादी काढली. तिचे तीन भाग आहेत: किशोरवयाची वाढ समजणे आणि मुलांशी नीट बोलणे, कायदे, धोरणे आणि सेवेचा दर्जा, आणि विशिष्ट आजारांचे उपचार. तिसरा भाग आपली महाविद्यालये आधीपासून शिकवतात. पहिले दोन नवे आहेत.

पहिल्या भागाचे मुख्य साधन म्हणजे ‘हेड्स’ मुलाखत. 1970 च्या दशकात सिएटलमध्ये तिची सुरुवात झाली आणि 1988 मध्ये गोल्डनरिंग व कोहेन यांच्या लेखानंतर ती जगभर गेली. घर, शाळा, खाणे-पिणे, छंद आणि मित्र, व्यसने, लैंगिकता, मनातली उदासी व जीव देण्याचे विचार, सुरक्षितता असा तिचा क्रम. सोप्याकडून अवघडाकडे जायचे, एवढे त्यातले शास्त्र. पण ती चालते कशी, हे जवळून पाहिल्याशिवाय तिचे महत्त्व कळत नाही.

समजा, सोळा वर्षांची मुलगी सारखे डोके दुखते म्हणून आईबरोबर आली आहे. नेहमीच्या ओपीडीत डॉक्टर आईला विचारतात, आई उत्तर देते, मुलगी खाली बघत राहते. केसपेपरवर गोळ्या लिहिल्या जातात, चष्म्याचा नंबर तपासायला सांगितले जाते. प्रशिक्षण घेतलेली डॉक्टर आधी आईचे सगळे ऐकते आणि मग म्हणते, “ताई, आता पाच-दहा मिनिटं मी हिच्याशी एकटीशी बोलते. या वयाच्या सगळ्याच मुलांशी मी असं बोलते.” दुसरे वाक्य फार महत्त्वाचे, त्यामुळे आपल्याच मुलीत काही खोट काढली जात आहे असे आईला वाटत नाही. मग मुलीला: “तू इथं जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कुणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर मला पुढं सांगावं लागेल. तसं करायच्या आधी मी तुला सांगेन.” त्यानंतर घरी कोण कोण असते, इथून सुरुवात. व्यसनाचा प्रश्न थेट “तू सिगारेट ओढतेस का?” असा येत नाही, “तुझ्या वर्गातली काही मुलं ओढत असतील ना?” असा बाजूने येतो.

शेवटचे प्रश्न विचारायला शिकणाऱ्यांना सर्वांत जड जातात. “जगू नये असं कधी वाटलं का?” हे विचारले तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात आपणच घालू, अशी भीती अनुभवी डॉक्टरांनाही असते. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. तरी केवळ व्याख्यानात ऐकून ती भीती जात नाही. तो प्रश्न स्वतःच्या तोंडाने, समोर कुणीतरी बसलेले असताना, पुन्हा पुन्हा उच्चारून पाहावा लागतो. वीस जणांच्या गटात दोघे डॉक्टर-रुग्ण होतात आणि बाकीचे बघत बसतात, अशा सरावातून तो प्रत्येकाच्या तोंडी बसेल कसा?

शिकवायचे कुणाला

इथून मतभेद सुरू होतात. पहिली भूमिका अशी की ही स्वतंत्र शाखा झाली पाहिजे. खाण्याचे मनोविकार, पाळीचे गुंतागुंतीचे आजार, लैंगिक अत्याचारानंतरची काळजी, मधुमेह किंवा थॅलेसेमिया घेऊन मोठी होणारी मुले, यांना वरवरच्या ज्ञानाने भागत नाही. तज्ज्ञ नसतील तर शिकवणार कोण, संशोधन करणार कोण आणि प्राथमिक केंद्राने अवघड रुग्ण पाठवायचा कुणाकडे, हा या बाजूचा प्रश्न रास्त आहे.

दुसरी भूमिका म्हणते की 25 कोटी मुलांना तज्ज्ञ कधीच पुरणार नाहीत. मूल ज्यांच्याकडे खरोखर जाते ते म्हणजे गल्लीतले फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातले आयुष डॉक्टर, एएनएम आणि मेडिकल दुकानातला माणूसही. प्रत्येकाच्या मूळ शिक्षणात हा विषय थोडा थोडा मिसळला पाहिजे.

या दोहोंत खरे तर विरोध नाही, मनुष्यबळ आणि पैसा आधी कुठे घालायचा एवढाच वाद आहे. तिसरी भूमिका मात्र दोघींनाही धक्का देते. तिचा उगम आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये उभ्या केलेल्या ‘संगाथ’ने सामान्य पदवीधरांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन शाळांत पाठवले. गोव्यातल्या त्या अनुभवावर बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ चाचणी झाली, सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत. तोच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष असा की समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, उदासी, दादागिरी आणि हिंसा कमी झाली, शिक्षकाने चालवलेल्या शाळांत असा फरक पडला नाही. पुढे ‘प्राइड’ प्रकल्पात दिल्लीच्या सरकारी शाळांतल्या मुलांना सामान्य समुपदेशकांनी अडचणी सोडवण्याची पद्धत शिकवली आणि मुलांना ज्या गोष्टींचा त्रास वाटत होता त्या कमी झाल्या. वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसाला नेमके काम, नेमके प्रशिक्षण आणि सतत देखरेख दिली तर तो परिणाम घडवू शकतो, असा याचा अर्थ.

या पुराव्यावर आक्षेपही आहेत. प्रकल्पात देखरेख असते, दर आठवड्याला चर्चा होते. सरकारी योजनेत ती टिकेल का? गंभीर नैराश्य किंवा मनोविकाराची सुरुवात ओळखायला समुपदेशक पुरेसा आहे का? आणि शिक्षकांच्या बाबतीतला निष्कर्ष शिक्षकांच्या कुवतीबद्दल आहे की त्यांच्यावरच्या कामाच्या ओझ्याबद्दल? शेवटचा प्रश्न आपल्याला जवळचा आहे. 2020 मध्ये आयुष्मान भारतखाली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करायचे ठरले. नालंदाचे निष्कर्ष हाती असताना तो मार्ग का निवडला, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळायचे आहे.

किती दिवस आणि कसे

सरकारी प्रशिक्षणाची नेहमीची पद्धत उतरंडीची. राज्याच्या प्रशिक्षकांनी जिल्ह्याच्या प्रशिक्षकांना शिकवायचे, त्यांनी तालुक्याच्या कर्मचाऱ्यांना. प्रत्येक पायरीवर वेळ कमी होतो, स्लाइड्स वाढतात आणि सराव गळतो. रक्तक्षय, पाळीची स्वच्छता, लोहाच्या निळ्या गोळीचे वाटप हे विषय उतरंडीच्या तळापर्यंत नीट पोहोचतात, कारण त्यात सांगण्यासारखे आणि मोजण्यासारखे काही आहे. मुलीशी एकांतात बोलायचे कसे, हे सर्वांत आधी गळते.

छोटे शिबिर की दीर्घ शिक्षण, या वादात एक जुना पण भक्कम अभ्यास आहे. मेलबर्नमध्ये डॉ. लीना सॅन्सी आणि सहकाऱ्यांनी 108 फॅमिली डॉक्टरांवर यादृच्छिक चाचणी केली. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा प्रत्यक्ष रुग्णांवरची चर्चा. किशोरवयीन रुग्णांच्या भूमिका करणाऱ्या मुलांसमोर या डॉक्टरांची परीक्षा झाली. 2000 साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार ज्ञान, कौशल्य आणि आत्मविश्वास तिन्ही वाढले आणि एका वर्षानंतरही टिकले. एकूण तास आपल्या चार दिवसांच्या शिबिराहून कमी आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फरक मांडणीत आहे: तासांच्या मध्ये आठवडा जातो, डॉक्टर आपल्या दवाखान्यात ते करून पाहतो, अडतो आणि अडचण घेऊन परत येतो.

पण याच गटाने पुढे व्हिक्टोरिया प्रांतातल्या चाळीस दवाखान्यांत आणखी मोठी चाचणी केली, तेव्हा चित्र इतके सरळ निघाले नाही. प्रशिक्षित दवाखान्यांत मुलांच्या वागण्यातल्या जोखमी अधिक लक्षात आल्या, त्यांवर बोलणे वाढले. मुलांच्या वागण्यात प्रत्यक्ष बदल मात्र थोड्याच बाबींत झाला. चांगला शिकलेला डॉक्टर म्हणजे निरोगी मूल, हा धागा आपण समजतो तितका थेट नाही.

2015 मध्ये डेनो, हूप्स आणि चंद्रमौली यांनी जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की नुसत्या प्रशिक्षणाने किंवा दवाखाना रंगवून, खुर्च्या बदलून मुले येत नाहीत. प्रशिक्षण, दवाखान्यातल्या सोयी, गावाची संमती आणि मुलांना तिथवर आणणारा प्रचार, या चारही गोष्टी एकत्र आल्या तरच सेवेचा वापर वाढतो. आपल्या ‘मैत्री’ क्लिनिकांच्या अनुभवाशी हे जुळते. पॉप्युलेशन कौन्सिलने महाराष्ट्र, झारखंड आणि राजस्थानात अशा क्लिनिकांचा अभ्यास केला तेव्हा फार थोड्या तरुणांनी त्यांचे नाव ऐकलेले होते.

यात आणखी एक साधी, कंटाळवाणी पण निर्णायक गोष्ट आहे. समुपदेशक कंत्राटी असतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, बरेच जण पीजीला निघून जातात. ज्या माणसावर प्रशिक्षण खर्च झाले तो दोन वर्षांनी त्या खोलीत नसतो, आणि नव्या माणसाचा नंबर पुढच्या शिबिराला लागेपर्यंत क्लिनिकच्या दारावर फक्त पाटी उरते.

स्वतःच्या मूल्यांचा पेच

प्रशिक्षकांना विचारा, सर्वांत अवघड सत्र कोणते? उत्तर बहुधा एकच येते: अविवाहित मुलीला गर्भनिरोधकाविषयी सांगायचे का? सभागृहात शांतता पसरते. मग कुणी नर्सबाई म्हणतात, “आमच्याही घरी मुली आहेत.” या वाक्यात माया आहे, भीती आहे आणि नकारही आहे. लग्न झालेल्या सोळा वर्षांच्या मुलीला हीच बाई विनासंकोच तांबी किंवा गोळ्यांविषयी सांगेल, लग्न न झालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला उपदेश करेल. अविवाहितांना कमी लेखणारी वागणूक वर उल्लेखलेल्या पॉप्युलेशन कौन्सिलच्या अभ्यासातही दिसली होती.

मुलग्यांच्या बाबतीत पेच वेगळा. धात जाते, स्वप्नदोष होतो, लिंगाचा आकार लहान आहे, या शंका घेऊन तो सरकारी दवाखान्यात येतच नाही. तो रेल्वेच्या भिंतीवरच्या जाहिरातीतल्या वैद्याकडे जातो. आपल्या प्रशिक्षणाचा साचा मुलींच्या पाळीभोवती आणि रक्तक्षयाभोवती घडला, म्हणून मुलग्यांशी बोलायला पुरुष आरोग्यसेवकांना कुणी फारसे शिकवले नाही.

यावर दोन मते आहेत. एक म्हणते, मूल्ये बदलल्याशिवाय कौशल्य टिकत नाही. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात प्रत्येकाने स्वतःच्या समजुती तपासण्यापासून व्हावी. दुसरे म्हणते, माणसाचे मत चार दिवसांत बदलत नाही आणि बदलण्याचा अधिकारही प्रशिक्षकाला नाही. वागणूक ठरवून द्या, तिची देखरेख करा. नर्सबाईंना मुलीचे प्रेमप्रकरण पसंत नसले तरी चालेल, पण मुलीला सेवा मिळाली पाहिजे आणि गावात चर्चा होता कामा नये. मला दुसरे मत अधिक व्यवहार्य वाटते. पण समजुती न तपासता केवळ नियम दिला तर तो पहिल्या अडचणीला मोडतो, हा पहिल्या बाजूचा मुद्दाही अनुभवातून आलेला आहे.

कायदा आणि गोपनीयता

प्रशिक्षणातली सर्वांत मोठी अडचण आता इथे आहे. पुस्तिका सांगते, गोपनीयतेचे आश्वासन द्या. 2012 चा पोक्सो कायदा सांगतो, अठराखालच्या मुलाशी लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले तर ते पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने अठराखाली संमतीच नाही. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मित्राबरोबरच्या संबंधाविषयी डॉक्टरपाशी बोलली, तर डॉक्टरपुढे दोनच वाटा: तिचा विश्वास किंवा कायदा. गर्भपाताच्या कायद्यात अठराखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, 2021 च्या दुरुस्तीनंतरही.

29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात थोडी वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरला पोक्सोखालच्या माहितीत तिचे नाव-ओळख देण्याची गरज नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. संमतीचे वय कमी करावे का, यावर विधी आयोगाने सप्टेंबर 2023 मध्ये ते कमी करू नये असा सल्ला दिला आणि सोळा ते अठरा वयाच्या प्रकरणांत न्यायालयाला मार्गदर्शित मुभा असावी असे सुचवले.

बालहक्कांसाठी झटणाऱ्या अनेकांना सक्तीची माहिती देणे आवश्यकच वाटते. घरातच अत्याचार होतो तिथे मुलीचा दुसरा वाली कोण? ही बाजू हलकी नाही. उलट बाजूचे डॉक्टर म्हणतात, पोलिसांच्या भीतीने मुली दवाखान्याऐवजी भोंदूकडे जातात आणि जीव गमावतात. दोन्ही घडते. प्रशिक्षणाने निदान एवढे तरी करायला हवे: कर्मचाऱ्याला कायदा नेमका माहीत असावा, कळवण्याची पद्धत, मुलीला आधी सांगण्याची रीत आणि बालकल्याण समितीची भूमिका त्याने सरावात करून पाहिलेली असावी. आज अनेक ठिकाणी हा विषय शेवटच्या दिवशी दुपारी, चहाआधी अर्ध्या तासात उरकला जातो. परिणामी काही जण सगळेच कळवतात, काही जण काहीच विचारत नाहीत, म्हणजे कळण्याचा प्रश्नच उरत नाही.

अजून न सुटलेले

मोजमाप हा पहिला मुद्दा. किती जणांना प्रशिक्षण दिले, हे प्रत्येक अहवालात असते. प्रशिक्षणानंतर किती मुलांशी एकांतात बोलणे झाले, हे क्वचित. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या दर्जाच्या निकषांत मुलांच्या सहभागाचा निकष आहे. तरीही शिकवणाऱ्यांच्या मूल्यमापनात मुलांचे मत आपल्याकडे अपवादानेच घेतले जाते.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांतली मुले घरापासून दूर असतात, त्यांच्या आरोग्याची जबाबदारी अधीक्षक आणि स्त्री अधीक्षिकेवर येते. त्यांना कोण शिकवणार? अपंग किशोरवयीनांविषयी, विशेषतः त्यांच्या लैंगिकतेविषयी, अभ्यासक्रम जवळजवळ मुके आहेत. लहानपणचा मधुमेह, थॅलेसेमिया, हृदयविकार यांवर उपचार घेऊन जगलेली मुले बालरोगतज्ज्ञाकडून मोठ्यांच्या डॉक्टरकडे जातात तेव्हा अनेकांचे उपचार मध्येच सुटतात; या हस्तांतराचे शिक्षण दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना मिळत नाही.

आणि नवा अभ्यासक्रम. 2019 नंतरच्या विद्यार्थ्याने किशोरवयीन क्लिनिकला भेट द्यावी असे त्यात लिहिले आहे. ज्या महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवससुद्धा असे क्लिनिक चालत नाही, तिथे ती भेट लॉगबुकमध्ये सहीपुरती होते. म्हणून सध्याच्या घडीला सर्वांत तातडीची गोष्ट महाग नाही: प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात दाराला कडी असलेली एक खोली, आठवड्यातून एक दुपार, बालरोग, स्त्रीरोग आणि मनोविकार या तीन विभागांचे मिळून एक शिक्षक. विद्यार्थी तिथे बसला तरच वर लिहिलेले सगळे त्याला शिकता येईल.

वाचकांपैकी जे पालक आहेत त्यांना एक विनंती. मुलाला किंवा मुलीला डॉक्टरकडे न्याल तेव्हा, डॉक्टरांनी दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले तर बसा, आणि आत काय बोलणे झाले ते घरी आल्यावर खोदून विचारू नका. डॉक्टरांनी बाहेर बसायला सांगितले नाही तर तुम्हीच म्हणा, “मी जरा बाहेर थांबते, तुम्ही हिच्याशी बोला.” शिकलेल्या डॉक्टरलाही ही संधी तुमच्याशिवाय मिळत नाही.